नुओ-आजीचं मौन

पहिला महिना, चौथा दिवस

आज सकाळी थंड पाण्यानं तोंड धुतलं, देवळात उदबत्ती लावली आणि नव्या वर्षाच्या नुओ नाचासाठी नुओ-आजीचा, मूल देणाऱ्या देवीचा, मुखवटा बांधला. मुखवटा चढला की आतला माणूस संपला. मग देवता उरते, आणि देवता गप्पा मारत नाही. नाचते, काखेतलं लाकडी बाळ डोलवते, बस्स.

नाचत घरोघर फिरायचं असतं, तर पहिल्याच अंगणात जिल्ह्याच्या सांस्कृतिक खात्याच्या ओउयांगबाई उभ्या! जुन्या कला जपायला सरकारी अनुदान निघालंय, त्याची पाहणी. थेट माझ्यापाशी आल्या. "काका, नाव काय आपलं?" मी बाळ डोलवलं. "वय?" डोलवलं. "ऐकू येतं का?" — हे कानाशी ओरडून! मी बाळ त्यांच्या हातात दिलं, मूल हवं असलेल्या बायकांना देतो तसं. बाई लाजल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं.

पाचवा दिवस

काय लिहिलं ते कळलं — 'कलावंत जन्मापासून मुका.'

गावप्रमुख फुगन उड्या मारतच आला. आठ नाचणाऱ्यांत मी तिसरा, म्हणून सगळ्या गावाचा मी तिसरा काका. "तिसरे काका, मुका कलावंत असला तर अनुदान दुप्पट! देवळाचं छप्पर झालंच समजा! बाई सोळाव्यापर्यंत आहेत, तुमच्याच माडीवर राहतील. तेवढे दिवस तोंड मिटा."

"अरे, पण हे खोटं —"

"मिटा म्हटलं ना!"

छप्पर खरंच गळतं. मुखवट्यांच्या पेटीवरच पाणी टपकतं. गेल्या साली वीजदेवाच्या नाकाला बुरशी आली होती.

मिटलं.

सातवा दिवस

बायको खूश. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझं एखादं वाक्य पुरं झालं!"

नववा दिवस

बाई मोबाइलवर बघून मुक्यांची भाषा शिकल्या. हातवारे करून काहीतरी विचारलं. मला कुठली येते! घाबरून नाचातले हात केले — वीजदेव राक्षसाला धरतो ते. बाईंचे डोळे चमकले. जेवताना फुगनला म्हणाल्या, "ही इथली प्राचीन खुणांची भाषा आहे! नामशेष होत चाललीय! हिच्यासाठी वेगळं अनुदान मागू." फुगनच्या घशात शेवया अडकल्या.

संध्याकाळी बाईंनी राक्षस धरून माझ्याकडे चहा मागितला. दिला.

अकरावा दिवस

पाऊस. पेटीवर ताडपत्री टाकली. तीही फाटकी निघाली.

तेरावा दिवस

आमच्या आठांतले पहिले, थोरले काका. त्यांचा आवाज खोकल्यानं पार बसलाय. सोळाव्याला मुखवटे पेटीत जातात, तेव्हा देवांना निरोप द्यायची प्रार्थना तेच म्हणतात — मुखवटा उतरवून, माणसाच्या तोंडानं, मोठ्यानं. ती झाली नाही तर देव घरी जात नाहीत, दारातच ताटकळतात. काकांनी मला जवळ ओढलं. "या वर्षी तू म्हण," कुजबुजले. "दुसरा काका ओळी गिळतो."

बाई मंडईत गेल्याचं बघून फुगनला सांगितलं.

"मनात म्हणा की! देवाला सगळं ऐकू येतं."

"मग छप्परही मनातच बांधू या."

"तिसरे काका, तुम्ही मुकेच बरे होतात!"

पंधरावा दिवस

दिवसभर देवळात बसलो. नुओ-आजीला विचारलं. ती हसत होती. तिला कोरलंच आहे तसं म्हणा.

गप्प राहणं मला आवडलं, हे इथं तरी कबूल करतो. शेजारच्या भांडणात कुणी ओढत नाही. पण मुखवट्यातलं मौन आजीचं होतं. मुखवटा उतरल्यावरचं हे मौन कुणाचं?

संध्याकाळी बाईंनी मधात मुरवलेली संत्र्याची साल आणून दिली. गळ्यावर हात फिरवून 'उतार पडेल' असं काहीतरी सांगत होत्या. बाई चांगली आहे. तीच तर पंचाईत!

सोळावा दिवस

मुखवटा उतरवला. प्रार्थना म्हटली. मोठ्यानं, एकही ओळ न गिळता. फुगन मटकन खाली बसला.

पेटी बंद केली, तिच्यावर माझी छत्री उघडून ठेवली. मग ओउयांगबाईंकडे वळलो.

"श्ये हुओशंग," म्हणालो. "वय एकोणपन्नास. ऐकू येतं."