खाली पाणी आहे हे माहीत होतं

अण्णा, तुम्हाला सगळं आधीच कळायचं, याचा गावात केवढा मान होता. मूठभर माती दाबून विहीर कुठे ढासळेल ते सांगायचात. आता मीही इथे कुवेतमध्ये, सुलैबियात, खोदाईच्या जागा तपासतो. दहावीपुढे शिकलो नाही, पण परमिटवर एक काना चुकू देत नाही.

परवा चहाच्या वेळी आमच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, सर्व्हेअरनं एक जुनी ग्रीक गोष्ट सांगितली. एका द्रष्ट्या वीराला दिसतं की या युद्धातून आपण परतणार नाही. पण मेव्हण्याशी वाद झाला तर बायको म्हणेल ते ऐकायचं, असं त्यानं कबूल केलेलं. मेव्हणा युद्धाला चल म्हणतो, तिला कोणी लाच म्हणून हार देतं, ती जा म्हणते, हा जातो. निघताना मुलांना बजावतो, आईला जिवंत सोडू नका. शेवटी जमीन दुभंगते आणि त्याला रथासकट गिळते, सारथ्यालाही.

"सारथ्याला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"सारथ्याला कोण विचारतं, भाई?" तो हसला. मला तुमची शेवटची रजा आठवली.

तुम्ही मामाच्या खोदाईच्या कामावरून घरी आलेले. आईचे हात पिठात, मामानं तिच्यासाठी आणलेला हार फळीवर. "दाजी, चार दिवसांचं काम आहे, चला परत," मामा म्हणतो. तुम्ही भाकरी मोडता. "आपलं ठरलंय ना, वाद झाला की ती म्हणेल तसं."

आई हसते. "जा की मग. माझ्या भावाचं काम अडलंय."

"बघ हं, तू म्हणालीस."

एवढंच. वाळू भुसभुशीत, खाली पाणी, चराच्या बाजूंना आधार नाही, हे तिला एका शब्दानं सांगितलं नाहीत. मला मात्र सकाळीच म्हणाला होतात, "ती खोदाई माणूस खाणार."

याला लोक दूरदृष्टी म्हणायचे. नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून बायकोच्या तोंडून स्वतःचं मरण वदवून घेतलंत. शिवाय निघताना एसटी स्टँडवर माझा दंड धरून म्हणालात, "काही झालं तर ध्यानात ठेव, मला कुणी धाडलं." आणि तुमच्यामागून चरात उतरलेला तो बिहारी गडी? त्याला तरी सांगायचंत. चर ढासळला, तुमच्याबरोबर तोही गाडला गेला.

आई दर शुक्रवारी फोनवर विचारते, "जाताना माझ्यासाठी काही बोलले होते का रे?" नऊ वर्षं मी रेंज नाही म्हणून फोन ठेवतो. या शुक्रवारी सांगणार आहे, काही बोलले नाहीत. तुमचं फर्मान माझ्यापाशी संपलं.

हे पान परमिटच्या वहीतच राहील. एक लिहायचं राहिलं. त्या दिवशी मामानं मलाही घड्याळ आणलं होतं. तुम्ही आईला विचारत होतात तेव्हा मला सगळं माहीत होतं, आणि मी खाली मान घालून त्याचा पट्टा लावत होतो. ते अजून माझ्या हातात आहे. वेळ बरोबर दाखवतं.