बिनकार्बनची बेगमबी

३ फेब्रुवारी, सोमवार

माझा दाढीचा ब्रश आज निवर्तला. एकोणीस वर्षांचा सहवास! न्हाणीच्या खिडकीत नुसती वाटी — आणि ब्रश हॉलमध्ये, लोखंडाच्या किसात लडबडलेला, मालविकाच्या हातात. "बाबा, रोबोच्या मोटारीत कीस जात होता. झटकायला दुसरं मऊ काही सापडलं नाही." आणि मोटार कुठली? तर ब्रशलेस! जिला स्वतःचा ब्रश नाही, तिनं माझा खाल्ला. दाद कुणाकडे मागायची?

कन्येची हकीकत अशी — दोन वर्षं लातूरला डॉक्टरकीचे क्लास, दोन्हीदा मार्क थोडक्यात हुकले. आता इथंच नांदेडात, विष्णुपुरीला इंजिनिअरिंग. तिथं ही आणि तिची मैत्रीण नाझनीन लढाऊ रोबो करून राहिल्यात. पंधरा किलोचा, पुढं गरगरणारा पोलादी दात. पिंजऱ्यात दोन रोबो सोडायचे, एक मोडेपर्यंत! सोळा तारखेला लातूरला स्पर्धा. भरवतंय कोण — एक कोचिंग क्लास. लातुरात हल्ली दुसरं कोण काय भरवतं?

जेवताना मी सहज (सहज!) म्हणालो, "पहिली लढत जिंकलीस तर डॉक्टरकीचं नाव काढणार नाही. हरलीस तर यंदा परीक्षेचा फॉर्म पुन्हा." ती म्हणाली, "चालेल." हे माझी बायको इंदू ऐकत होती. मग भाजी वाढली. कमी वाढली.

५ फेब्रुवारी

नाझनीनचे वडील अकरमभाई. देगलूर नाक्याला मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान. आमच्या पेपरात पोरींची बातमी करावी म्हणून गेलो. 'ब्रशलेस'ला मराठीत काय म्हणावं? संस्कृत घेऊन एम. ए. कशाला झालो मग! म्हणालो, "निष्कूर्च." कूर्च म्हणजे कुंचला — आणि, खरं सांगावं लागलं, दाढीसुद्धा.

"म्हंजे बिनदाढीची मोटार?" अकरमभाई स्वतःची दाढी धरून हसले. "पंडितजी, तुमच्या किताबात काय बी असू द्या. मोटारीतल्या ब्रशला आमच्यात कार्बन म्हणतेत. घासतो, झिजतो, ठिणग्या मारतो, बदलावा लागतो. हिच्यात कार्बनच न्हाई! तीन वायरी. दोन अदलाबदल केल्या की उलटी फिरती. आपल्या बोअरच्या पंपासारखीच हाय. पोरींना वाटतंय लई नवं."

"अब्बा!" नाझनीन.

रोबोचं नाव बेगमबी. हे नाझनीनच्या आजीचं नाव. "ठेंगणी, वजनदार, अन् समोरच्याला सोडत नाही," हे कारण. आजींची परवानगी आहे म्हणे.

एक खोट मात्र आहे. चाकांच्या मोटारींना जागेवरून निघताना आपण नेमके कुठं उभे आहोत हेच कळत नाही — म्हणून आधी थरथरतात, मग पळतात. मालविका सांगत होती. मला माझंच वर्णन वाटलं.

७ फेब्रुवारी

ओट्यावर बेगमबी सुरू केली. ती थरथरली, मांडणीवरची भांडी वाजली — आणि मी टॉवेलवर गल्लीत! त्र्याण्णवच्या भूकंपात नवशिका बातमीदार म्हणून किल्लारीला गेलो होतो, तेव्हापासून भांडी वाजली की पाय मला न विचारता निघतात. इंदू आत, लेक आत, कुटुंबप्रमुख बाहेर. समोरच्या शिवकांताबाई म्हणाल्या, "सर, निदान बायकोला हाक तरी मारायची!"

१० फेब्रुवारी

बातमी आली. मी लिहिलं होतं, 'बिनकार्बनची मोटार'. छापलंय — 'नांदेडच्या लेकींचा कार्बनमुक्त लढाऊ रोबो, पर्यावरणाला हातभार'! डेस्कवरच्या यज्ञेशला फोन केला. "सर, तेच ना? मी जरा भाषा सुधारली." माझी! भाषा!

अकरमभाईंचाही फोन. "पंडितजी, दुकानावर एकजण येऊन विचारतोय, झाडं कधी लावायची."

१३ फेब्रुवारी

हसू संपलं. स्पर्धा भरवणाऱ्या क्लासच्या भीमाशंकर सरांचा फोन — "बातमी वाचली! काय संदेश दिलाय मुलींनी! सकाळी उद्घाटनाची लढत त्यांचीच. समोर गेल्या वर्षीचा विजेता." कार्बन म्हणजे ब्रश हो, ब्रश — मी सांगत राहिलो. "सर, पत्रिका छापल्या आता."

मालविकाची पहिली लढत दुपारी होती, एका नवख्या टीमशी. थरथर काढायला पोरींनी रविवारची सकाळ राखून ठेवली होती. ती गेली. माझ्या एका शब्दानं. "अट सोडून देऊ," मी म्हणालो.

"कशाला? ठरलंय ना."

१६ फेब्रुवारी, रविवार. लातूर

स्टेजवर मुलींना तुळशीचं रोप. माईकवाला ओरडतोय — "पर्यावरणपूरक… बेगमबीऽऽ!" टाळ्या. पिंजऱ्याचं दार लागलं. बेगमबी जागेवर थरथरली… थरथरली… तेवढ्यात विजेता बाजूनं आला आणि तिला उचलून फेकलं. उलटी पडली. चाकं वर — आणि आता मात्र काय सुरेख फिरत होती! अडतीस सेकंद. संपलं.

नाझनीन रडली, मग आयोजक, वर्तमानपत्रं आणि "काका, तुम्ही पण!" असं सगळ्यांना झोडपून भजी खायला गेली. अकरमभाई तिच्या मागे. मालविका खाली बसून स्क्रू वेचत होती. मी शेजारी बसलो. एक स्क्रू वेचून दिला.

"बरं बाबा, फॉर्म भरते," ती म्हणाली. छान हसून.

१७ फेब्रुवारी

अट मागे घेतली. चूक माझी, शब्द माझा, असं हात जोडून सांगितलं. "असू द्या हो बाबा, भरला पण मी फॉर्म." तोच हसरा आवाज.

लातूरला होती तेव्हा मी रोज सात वाजता फोन करायचो. कशी आहेस? "मजेत, बाबा." दोन वर्षं. याच आवाजात.

रोबोचं काही नाही, तो पुन्हा होईल. ती दोन वर्षं तिथं कशी होती, हे मला माहीत नाही. विचारायची भीती वाटते.