मुलींची होडी

हॅलिफॅक्स,
१४ सप्टेंबर १९१८

प्रिय विनी,

सफरचंदांची पेटी पोचली. वरची चांगली होती, तळाची डागाळलेली निघाली. ती शिजवून टाकली. माझा खोकला उतरणीला लागला आहे. आमच्या नर्सिंगच्या शाळेत नव्या मुली आल्या आहेत. त्यांना अजून चादरीचा कोपरा धड दुमडता येत नाही.

रोडाला रविवारी घरी पाठव, असं तू लिहिलं आहेस. त्याआधी पुढचं वाच.

ती नर्स म्हणून होती त्या इस्पितळी जहाजावर सगळे दिवे लावलेले होते, बाजूंवर लाल क्रूस रंगवलेले होते, तरी जर्मन पाणबुडीने ते फोडलं. हे वर्तमानपत्रांत आलं. मुख्य सिस्टरचा नियम मात्र कुणी छापला नाही. होड्यांत उतरण्याच्या दर सरावाला त्या बजावायच्या, "माझ्या मुली एकाच होडीत. पुरुषांत मिसळायचं नाही. त्यांच्या घरी मला जाब द्यावा लागतो." जहाज बुडू लागलं तेव्हा मुली शिस्तीत त्या एका होडीत बसल्या, आणि जहाज नेमकं त्याच होडीवर कलंडलं. तुझी रोडा तीत नव्हती. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये असलेल्या एका जखमीला ती ओढत वर आणत होती. तो तिचा पट्टा सोडेना, म्हणून खलाशांनी दोघांना एकत्रच आपल्या होडीत ढकललं.

बुडालेल्या मुलींच्या शोकसभेला चर्चच्या सभागृहात मी मागच्या बाकावर होते. मिसेस झ्विकरनी सगळ्यांसमोर विचारलं, "आमची ऑलिव्ह मुलींच्या होडीत होती. तू पुरुषांत काय करत होतीस गं?"

रोडाने सांगितलं.

"आणि तो जखमी?"

"सकाळी गेला, काकू."

"म्हणजे तोही गेला. मग वाचवलंस कुणाला? स्वतःलाच ना?"

मिसेस झ्विकरना मी दोष देत नाही. त्यांची मुलगी समुद्रात आहे. तुझी मुलगी तुझ्या शेजारी बसली होती, विनी, आणि तू हातमोज्यांची बटणं लावत राहिलीस. गाडीत तू तिला काय म्हणालीस, तेही तिने मला सांगितलं. "या बायकांना आता मी कुठलं तोंड दाखवू? सगळ्यांबरोबर राहिली असतीस तर निदान माझी मान तरी ताठ राहिली असती."

रोडा रविवारी येणार नाही. मंगळवारीच ती दुसऱ्या इस्पितळी जहाजावर गेली. तिला रात्ररात्र झोप नव्हती. ती जहाजावर जाण्याइतकी बरी आहे का, असं डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हणाले, ठणठणीत आहे. ती तुझ्या घरी जायला नको होती मला.

धक्क्यावर मी तिला म्हटलं, "वेळ आली तर हाताशी असेल त्या होडीत चढ."

"नाही मावशी," ती म्हणाली. "या वेळी मुलींच्याच होडीत बसेन. आईला आवर्जून कळव."

कळवलं.

तिच्या कागदांवर जवळचं माणूस म्हणून तिने माझं नाव दिलं आहे. जी तार येईल ती माझ्याकडे येईल. तारवाल्याची वाट बघत दारात उभी राहू नकोस.

अजून तरी तुझी बहीण,
हेस्टर