नामदेवभाऊंचा रविवारचा फोन

१५ फेब्रु., रवि.
महाशिवरात्र. पहाटे मार्कंड्याला जाऊन आलो. वैनगंगेत पाय बुडवले, रांगेत दर्शन. पूर्वी आम्ही नवरा-बायको यायचो. सुमन गेल्यापासून नारळाची दुसरी वाटी तशीच घरी येते.

दुपारी नामदेवभाऊंचा फोन. फुप्फुस बदलून सात वर्षं. फुप्फुस बदललेल्यांवरच्या माझ्या अभ्यासातले सगळ्यात जुने पेशंट. दर रविवारी यंत्रात फुंकून दमाचा आकडा सांगतात. आज खाली. "सर्दी असन," म्हणाले. मग नेहमीचं, "जेवले का?" जेवलो म्हटलं.
"खोटं नका बोलू डॉक्टरसाहेब. मागं कुकरची शिट्टी वाजून राह्यली."

१ मार्च, रवि.
आणखी खाली. सर्दी नाही. शरीर परकं फुप्फुस नाकारू लागलं की असंच, हळूहळू... शस्त्रक्रिया झाली तिथे, हैदराबादला, लवकर जायला हवं. ते म्हणतात, मोहाची फुलं पडून होऊ द्या.

२२ मार्च, रवि.
फोनची वाट न बघता एटापल्लीकडे त्यांच्या गावीच गेलो. फुलं दिसावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा सगळे जाळतात. यमुनाबाई सात वर्षं खराट्यानं झाडतात, नवऱ्याला धूर नको म्हणून. यंदा शेजाऱ्यांनीही जाळलं नाही. नामदेवभाऊ दूर बाजेवर, तोंडाला मास्क. पाचोळ्यात बुरशी असते, जवळ जायचं नाही, हे मीच सांगितलेलं.
"सात वर्षात यानं माझ्यासंगं एक फूल नाई वेचलं," यमुनाबाई.
"वेचलं असतं त टोपलं बी उचलाव लागलं असतं."
हसताना नामदेवभाऊंना धाप लागली. मग हळूच, "गेलेला दम परत येते का?"
तपासू, म्हटलं. त्यांच्याकडे न बघता.

२५ मार्च, बुध.
अभ्यासाच्या फॉर्मवर पेशंटना विचारतो: चढ चढवतो का, झोप लागते का. बाजेवर एकटं बसणं कोणत्या रकान्यात लिहू? देवापुढे बसलो. काही न मागता उठलो.

२९ मार्च, रवि.
फोन नाही. मीही केला नाही. घाबरलो, दुसरं काही नाही.

५ एप्रिल, रवि.
हैदराबादहून यमुनाबाईंचा फोन. भरती केलं, नळी टाकून फुप्फुसाचा तुकडा काढला, रिपोर्ट यायचा आहे. "निघायच्या दिवशी यानं बाज मोहाखाली नेली. रागावू नका." नाही रागावलो.
मागून नामदेवभाऊंचा तुटक आवाज. "जेवले का इचार. खरं सांगा म्हण."
गॅस पेटवलाच नव्हता. "नाही जेवलो," म्हटलं.
फोन त्यांनी स्वतः घेतला. "आता माया दमाचं खरं सांगा."
सांगितलं. बहुतेकांचा गेलेला परत येत नाही, भाऊ. औषधानं कधी कधी तिथंच थांबतो. तुमचं मला माहीत नाही.
फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता. मोजायची सवय; मोजला नाही.
"हाव," म्हणाले. "आता भात मांडा. शिट्टी होईस्तोवर फोन नाई ठेवत मी."
तांदूळ धुतले.