कप्तानाला सांगायचं राहिलेलं

४ जून

ती. मावशीस,
भिंगरीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तू बसून वाचते आहेस ना? नसशील तर आधी बस. हे उभ्याने वाचायचं पत्र नाही.

मला नवी नोकरी लागली. साबणाच्या जाहिराती लिहिणं संपलं, आता मालिका लिहायची. आणि मालिका कुठली, तर आपली, अंतराळातली! आपला कप्तान परत येतोय, मावशी. नवे भाग, नवं यान, पण नट तोच जुना. आम्ही चौघं लेखक आहोत आणि मी त्यात शेंडेफळ. त्यामुळे माझं टेबल झेरॉक्स मशीनला खेटून आहे आणि माझी उजवी बाजू दिवसभर शेकून निघते. आमच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं की जुने भाग पाहिलेत का. मी म्हटलं, पाठ आहेत. त्यांना ती बढाई वाटली. आईबाबा कामावर असताना मी तुझ्या दिवाणावर बसून एकेक भाग कसा गिळला, हे त्यांना काय माहीत! शेवटच्या भागात सगळ्यांना छोट्या बचावयानांतून बाहेर काढून कप्तान जळत्या यानात एकटा मागे राहिला, तेव्हा आपण दोघी इतक्या रडलो की काका धावत आले आणि नात्यातलं कोण गेलं म्हणून विचारत राहिले.

आता गंमत ऐक. तो मेलेला माणूस परत कसा आला, हे ठरवायचं काम मोठ्या बाईंनी माझ्याच गळ्यात घातलंय. पहिला भाग मी लिहायचा. जमला तर मी टिकले, नाहीतर पुन्हा साबण. तू तुमच्या कप्तानप्रेमी मंडळाची अध्यक्ष, तेव्हा सगळ्यात आधी तुला कळवते आहे. मंडळी खूश होतील ना?

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझ्या मेसेजना तू तारा म्हणतेस, म्हणून हे चांगलं ऐसपैस पत्र. तब्येत जप. माझ्यावरची माया आहे तेवढीच ठेव, थोडी वाढली तरी तक्रार नाही.

तुझी,
भिंगरी


११ जून

चि. भिंगरी हिस अनेक आशीर्वाद.

नोकरीची बातमी वाचून ऊर भरून आला. दुकानात चष्म्याला काच बसवत होते, ती तशीच ठेवून शेजारच्या घड्याळवाल्यालाही सांगून आले. तुझं मनापासून कौतुक. आता पुढचा मजकूर रागाचा आहे, तेव्हा घोटभर पाणी पिऊन घे.

कप्तानाला कशाला उठवताय गं? सुखाने मेला होता की तो!

मंडळात बातमी सांगितली आणि नुसता गोंधळ उडाला. आम्ही अजूनही दंतवैद्यांच्या दवाखान्यातच जमतो, सुट्टीच्या दिवशी, कारण एवढ्या खुर्च्या दुसऱ्या कुणाकडे नाहीत. बसचालक तर उठून नाचायला लागले. शिंपीणबाईंनी लगेच मापाची टेप काढली, कारण जुने गणवेश आता कुणाच्याच अंगात शिरत नाहीत. दंतवैद्य फुगून बसले. त्यांचं म्हणणं, हा पैशांसाठी चाललेला पोरखेळ आहे आणि ते एकही भाग बघणार नाहीत. त्यावर बसचालक म्हणाले की न बघताच नावं ठेवणारा माणूस दात न बघताच उपटतही असेल. त्यानंतर जे झालं ते लिहीत नाही. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय.

तुला वाटेल, म्हाताऱ्यांची भांडणं, मिटतील. पण तू शिकायला गेल्यावर मंडळात एक रीत सुरू झाली, ती तुला ठाऊक नाही. दर महिन्याला आम्ही कप्तानाला अहवाल देतो. एकेकाने उठायचं, भिंतीवरच्या त्याच्या फोटोकडे बघायचं आणि महिन्याभरात काय घडलं ते त्याला सांगायचं. सुरुवात थट्टेतच झाली. मग एकदा बसचालकांनी उठून सांगितलं की बायको घर सोडून गेली. कुणी हसलं नाही. शिंपीणबाई आईच्या आजारपणाबद्दल सांगायच्या, दंतवैद्य हात थरथरतो त्याबद्दल. काका गेले त्या महिन्यात मीही उठले. म्हटलं, कप्तान, माझा नवरा गेला, बाकी ठाकठीक. आणि बसले. कुणी काही विचारलं नाही. बरं वाटलं.

त्यात एका वेळी एकच जण बोलतो आणि फोटोशेजारी माझी खुर्ची, त्यामुळे सगळ्यांचे ओठ मला दिसतात. कानांनी दगा दिल्यापासून चार माणसांत बसावं आणि सगळं कळावं, अशी ही एकच जागा मला उरली आहे. मेलेला कप्तान गुपचूप ऐकून घेतो, भिंगरी. तो जिवंत झाला की बोलायला लागेल. मग त्याला कोण कशाला काय सांगेल? आणि त्याच्या तोंडी घालायची वाक्यं तू लिहिणार. तुझी वाक्यं चांगलीच असतील, पण मला ती ऐकायची नाहीत.

रागावले आहे, तरी जीव तुझ्यातच आहे. तो तिथून हलायचा नाही.

तुझी,
मावशी


२८ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

कप्तानाचा नवा फोटो परवा जाहीर झाला. तू पाहिलाच असशील. लोक इंटरनेटवर तुटून पडलेत. पोट सुटलं, केस गेले, हा जिना तरी चढेल का, असलं काहीबाही. काही लोकांनी मात्र इतकं हळवं लिहिलं की वाचताना मलाच नाक पुसावं लागलं. एका नर्सने लिहिलं की ती याच्यामुळे या कामात आली. ते आजोबा, म्हणजे आमचा कप्तान, काल संहितेच्या वाचनाला आले होते. प्रत्येकाची चौकशी केली, खुर्चीतून उठताना गुडघा धरला आणि आवाज लावला तो अगदी पूर्वीचा. झेरॉक्सवाल्या मुलीने मशीनच बंद केलं.

वरच्या लोकांचा हट्ट होता की कप्तान इतकी वर्षं बर्फात गोठलेला होता असं दाखवायचं आणि मेकअप करून त्याला तरुण करायचं. मला ते सोसेना. मावशी, मी दुसरंच लिहून दिलं. तो त्या मोडक्या यानात जिवंतच होता. त्याचं बोलण्याचं यंत्र जळलं होतं, ऐकण्याचं शाबूत होतं. त्याची माणसं तो मेला असं धरून चालली, तरी दर महिन्याला त्याच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून अहवाल पाठवत राहिली. आणि तो म्हातारा होत होत सगळं ऐकत होता.

मोठ्या बाईंनी वाचून चष्मा काढून ठेवला आणि हेच करायचं असं सांगितलं. कधी नव्हे ते माझं टेबलही खिडकीजवळ हलवलं. आणि मग मला धस्स झालं. ही तर तुमची गोष्ट. तुला न विचारता मी ती कागदावर उतरवून मोकळी झाले. आता विचारते आहे. वापरू का?

तू रागावलीस तरी पत्र लिहायचं मात्र सोडू नकोस, एवढी माया राखून ठेव.

तुझी,
भिंगरी


३ जुलै

चि. भिंगरी हिस आशीर्वाद.

नाही. मंडळात बोललेलं मंडळाबाहेर जात नाही. मी ते तुला माझी भाची म्हणून सांगितलं होतं, टीव्हीवाली म्हणून नाही.

फोटोबद्दल म्हणशील तर लोकांना लाज वाटायला हवी. म्हातारं होणं म्हणजे काय गुन्हा झाला? तो मेला होता म्हणून तरुण राहिला, एवढंच. मला तर तो आता जास्त आपल्यातला वाटतो. पण ती गोष्ट वेगळी.

जेवणाची हेळसांड करू नकोस. राग पत्रापुरता, माया कायमची.

मावशी


९ जुलै

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं चुकलं नाही, माझंच चुकलं. आजच मोठ्या बाईंना सांगितलं की अहवालाचा भाग काढून टाकते. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, उसनी वस्तू होती, धन्याला परत करायची आहे. त्यांनी महिनाअखेरीपर्यंत वेळ दिलाय. तोवर दुसरं काही सुचलं तर ठीक, नाहीतर बर्फ. आणि बर्फ लिहायला माझी गरज नाही, असंही त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण टेबल पुन्हा मशीनशेजारी गेलं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. साबण काही वाईट नसतो. तुझ्या खुर्चीला मात्र माझ्यामुळे धक्का लागलेला मला चालणार नाही.

मायेच्या बाबतीत हिशेब ठेवू नये, म्हणून नेहमीसारखी मागत नाही.

तुझी,
भिंगरी


२१ जुलै

चि. भिंगरी हिस अनेक आशीर्वाद.

तुझं शेवटचं पत्र पर्समध्ये घालून आठवडाभर फिरले. काचा घासताना दोनदा माप चुकलं, असं माझ्या हातून होत नाही. शेवटी मंडळाच्या बैठकीत उठले आणि अहवाल दिला. कप्तान, माझ्या भाचीने असं असं लिहिलं आहे, तू मेलाच नव्हतास आणि सगळं ऐकत होतास म्हणे, आणि मी तिला नाही म्हटलं. बसले.

मला वाटलं, सगळे खवळतील. झालं भलतंच. शिंपीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी गेल्या वर्षी कप्तानाला सांगितलं होतं की भाऊ नेहमी भेटायला येतो. तो कधीच येत नाही. आता कप्तानाला खोटं सांगितलं याचं त्यांना वाईट वाटत होतं. बसचालकांनी विचारलं की मग बायकोबद्दल मी रागात बोललो तेही त्याने ऐकलं का. आणि आपले दंतवैद्य, जे एकही भाग बघणार नव्हते, ते म्हणाले की तो ऐकतोय हे माहीत असतं तर मी हाताबद्दल आणखी थोडं सांगितलं असतं. ही मालिका आहे, हे कुणाच्या लक्षातच नव्हतं बघ. माझ्याही नव्हतं.

तेव्हा वापर. मंडळाचा एकमताने होकार आहे. अटी दोन. आमच्यापैकी कुणाचंही दुःख जसंच्या तसं उचलायचं नाही. आणि कप्तानाच्या तोंडून उपदेश नको. दुःखातून सावरा, वेळ हेच औषध, असलं काही तो बोलला तर मी टीव्हीवर चप्पल फेकीन. टीव्ही दंतवैद्यांचा आहे.

बसचालकांनी आणि दंतवैद्यांनी अबोला सोडला, पण अजून एकमेकांना अहो-जाहो करतात.

मागितली नाहीस म्हणून माया दुप्पट पाठवते आहे. मोजून घे.

तुझी,
मावशी


१६ नोव्हेंबर

चि. भिंगरी हिस अनेक, अनेक आशीर्वाद.

काल तुझा भाग लागला. दवाखाना भरून गेला होता, तरुण पोरंही आली होती. दंतवैद्यांनी माझ्यासाठी पडद्यावर अक्षरं येतील अशी सोय केली. कप्तान दिसला, पांढरी दाढी, एका हाताने भिंतीचा आधार, आणि बसचालक लहान मुलासारखे रडायला लागले. मागे बसलेला एकजण किती थकलाय म्हणाला, हे मला नंतर कळलं. शिंपीणबाईंनी मागे वळून असं बघितलं की तो पुन्हा बोलला नाही.

मग यानावरची ती म्हातारी इंजिनियर त्याला भेटते. तिने काही वर्षांमागे कळवलेलं असतं की नवरा गेला, काम सुरू आहे. मी चप्पल तयार ठेवली होती. तो तिच्याजवळ बसला आणि अक्षरं आली. त्याने विचारलं की तुझा नवरा घोरायचा का.

ती हसायला लागली, आणि मी उठले. टीव्ही चालू, गोष्ट रंगात आलेली, आणि मी सगळ्यांच्या मधे उभी. म्हटलं, हो. घोरायचा. आमचे हे असे घोरायचे की भाची राहायला आली की कानात कापूस घालून झोपायची. नवीन नवीन असताना मी रोज भांडायचे. मग माझे कान गेले आणि घर एकदम गप्प झालं. शांत झोप लागेल असं वाटलं होतं, ती लागेचना. मग मी हात त्यांच्या पाठीवर ठेवून झोपायला लागले. घोरणं ऐकू येत नव्हतं, पण तळहाताला कळायचं. थांबलं की मला जाग यायची, पुन्हा सुरू झालं की झोप. कितीतरी वर्षं मी तशीच झोपले. त्यांना हे माहीतच नव्हतं, त्यांना वाटायचं मी प्रेमाने हात ठेवते. तेही खोटं नव्हतं. आता तो हात कुठे ठेवायचा ते मला कळत नाही. कधी उशीखाली ठेवते, कधी पोटावर. कुठेच बरा वाटत नाही.

हे मी मोठ्याने बोलले, भिंगरी, सगळ्यांसमोर. कुणीतरी टीव्ही बंद केला. शिंपीणबाई येऊन शेजारी बसल्या आणि त्यांनी माझा तो हात आपल्या हातात घेतला. आणि मग त्यांनी समोर येऊन, ओठ नीट दिसतील असं, मला विचारलं की काका आणखी काय काय करायचे. मी सांगत बसले. दिवे लावायची वेळ झाली तरी कुणी उठलं नाही.

तेव्हा रागावू नकोस, पण तुझा भाग आम्ही कुणीच पुरता पाहिला नाही. शेवटी काय झालं ते पत्राने कळव.

तुझी,
मावशी