हमीदची पेनल्टी

मी, हिंदुराव सोनबा रायकर, वय बहात्तर, राहणार धायरी, पुणे, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत. डोके शाबूत आहे.

१. राहते घर व बँकेतली ठेव पत्नी मथुराबाई हिची, तिच्या पश्चात मुलगी मुक्ता हिची. पुतण्या आप्पासाहेब याला काही नाही. बांधासाठी त्याने मला कोर्टात उभे केले, तेवढे पुरे.

२. मी मार्केट यार्डाच्या संघातून फुटबॉल खेळलो, पुढे त्याच संघाचा मॅनेजर झालो. कप आणि बूट क्लबला द्यावेत. १९८९ च्या फायनलचा फोटो मात्र देऊ नये. एका गोलने मागे असताना शेवटी पेनल्टी मिळाली. आमच्या संघातल्या हमीदने पायावर मार खाऊन मिळवलेली. तो चेंडू ठेवत होता. राखीव खेळाडूंत मी माझेही नाव घातले होते. मी त्याला बाहेर बोलावले आणि बेचाळिसाव्या वर्षी स्वतः आत गेलो. तो एवढेच म्हणाला, "साहेब, डावीकडे मारा." मी गोलच्या वरून मारला. प्रेक्षकांतून आवाज आला, "अहो मॅनेजर, आता स्वतःलाच बदला!"

३. नंतर मी मैदानावर पाय ठेवला नाही. हमीद दर ईदला शीरखुर्मा घेऊन यायचा. मी आतल्या खोलीत बसायचो आणि मथुराबाई "घरी नाहीत" म्हणून सांगायची. यंदा तिने सांगून टाकले, "आतच आहेत. तुझ्यासमोर यायची लाज वाटते त्यांना." तो दारातूनच म्हणाला, "साहेब, माझाही वरूनच गेला असता." तरी मी उठलो नाही. पेनल्टीपेक्षा मला याची जास्त लाज वाटते.

४. रस्त्यालगतची दोन गुंठे जागा हमीदला द्यायचे ठरवून मी परवा कर्वेनगरला त्याच्या घरी गेलो. वकिलांनी बजावले होते, ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नका. तेही त्याला सांगितले.

"मग जागा मुक्ताला द्या," तो म्हणाला. "मला साक्षीदार करा. तेवढा वेळ तरी समोर बसाल."

जागा मुक्ताची.

दोन्ही साक्षीदारांसमक्ष मी खाली सही करीत आहे. हमीद समोर बसला आहे. माझी मान अजून वर झालेली नाही.

हिंदुराव सोनबा रायकर
पुणे, १४ जून २०१९

साक्षीदार:
१. हमीद बाबालाल शिकलगार, कर्वेनगर
२. ॲड. दीनानाथ वसंत खरे, पुणे