इर्याचं झाड

लोहिकोस्की
८ सप्टेंबर १९७३

ती. हेल्वीताईस,
सा. न. वि. वि. बऱ्याच दिवसांत पत्र नाही, म्हणजे बटाटे काढणं चाललेलं दिसतंय. कंबर सांभाळ.

ताई, आज मागणं घेऊन आले आहे. आपल्या तळ्यातला लाल पोटाचा नीएरिया मासा संपत चाललाय. आमच्या मत्स्यपालन केंद्रात त्याची अंडी उबवून पिल्लं परत तळ्यात सोडायची आहेत, पण अंड्यांना आई-बाप हवेत. ते कुठे जमतात हे बाबांनी जाताना तुला एकटीला सांगितलं. मला नाही सांगितलं, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. खरंच आहे ते! पण थोड्याच जोड्या घेईन, तुझ्या देखत अंडी काढून मासे तिथेच सोडीन. आपण दोघीच जाऊ. केंद्रातल्या कुणाला जागा कळणार नाही.

शेजारच्या तौनोला नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, तो जरा वाढव.
तुझी
इर्या


हिरवासारी
१६ सप्टेंबर १९७३

चि. इर्यास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र ओट्यावर ठेवून आठवडाभर त्याच्याभोवती फिरत होते. आपल्याकडे जाळ्याची जागा जावयालाही सांगत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. पण मला मूलबाळ नाही. माझ्यामागे, मासे जमतात तो पाण्याखालचा खडक कुणाला सांगायचा? म्हणून लिहिते.

तू पहिल्यांदा तळ्यावर आलीस, तेव्हा बाबांनी आपल्या रीतीप्रमाणे तुझ्या नावाने टेकाडावरच्या पाइनच्या फांद्या तोडून शेंड्याला झुपका ठेवला होता. तेच तुझं झाड. होडी अशी न्यायची की ते झाड मागच्या देवळाच्या घंटाघरावर बरोबर येईल. मग डावीकडची दोन बेटं एकमेकांना टेकली, की दोराला बांधलेला दगड खाली सोडायचा. खडक तिथेच आहे.

बाबा म्हणाले होते, “मासा चोरीला जात नाही, जागा जाते.” हे पत्र चुलीत घाल.

ये. राय धान्याच्या भाकरीत मासा भरून भाजते, तुला आवडतो तसा.
तुझी
ताई


लोहिकोस्की
२० जानेवारी १९७४

ती. ताईस,
सा. न. वि. वि. अंड्यांना डोळे आले! मसुराएवढ्या अंड्यात दोन काळे ठिपके, आणि ते हलतात. तुझी फार आठवण झाली. होडीत तू प्रत्येक माशाला पाण्यात सोडताना काहीतरी पुटपुटत होतीस. मी विचारलं, तर म्हणालीस, माफी मागतेय.

डोळ्यांवरून आठवलं. तुझ्या मोतीबिंदूचं आता मनावर घे. मी इथल्या दवाखान्यात बोलून ठेवलंय, ऑक्टोबरचा पहिला आठवडा मिळेल. जाळ्यांचे दिवस आहेत म्हणून नाही म्हणू नकोस. एक वर्ष तळं तुझ्यावाचून राहील.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
इर्या


हिरवासारी
३ नोव्हेंबर १९७४

चि. इर्यास,
आशीर्वाद. डोळा उत्तम झाला. घंटाघराच्या टोकावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडासुद्धा दिसतो.

घरी आल्याआल्या खडकावर जाळं टाकलं. रिकामं आलं. दुसऱ्या दिवशीही रिकामंच. तौनो चार दिवस माझ्याकडे फिरकला नाही, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. शेवटी कॉफी प्यायला आला आणि कपाकडे बघत बोलला. मी दवाखान्यात असताना केंद्राची मोठी होडी आली होती, पाण्याच्या टाक्या घेऊन. पुढे तू उभी होतीस आणि हाताने दिशा दाखवत होतीस. तौनो म्हणाला, त्याला वाटलं ताईंनीच पाठवलं असेल. बिचारा माझीच बाजू घेत होता.

मी डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते, तेव्हा तू द्राक्षं घेऊन भेटायला आली होतीस. तुझ्या बाह्यांना माशाचा वास येत होता. मला वाटलं, केंद्रातून तशीच धावत आलीस.

एवढंच विचारते. तारीख तू माझ्या डोळ्यासाठी घेतलीस, की माशांसाठी?
हेल्वी


लोहिकोस्की
१५ नोव्हेंबर १९७४

ती. ताईस,
सा. न. दोन्हींसाठी. खोटं बोलत नाही.

पहिल्या खेपेच्या अंड्यांना बुरशी लागली, थोडीच वाचली. तू पुन्हा हो म्हटलं नसतंस. ते मासे तळ्यात राहिले असते, तर कुणाच्यातरी जाळ्यात संपले असते. आता ते आमच्या टाक्यांत सुखरूप आहेत. दर वर्षी अंडी देतील, त्यांचा वंश राहील. तू रागावशील, पण मासा असेल. मी हे पुन्हा करीन.

आमच्या हातून निसटलेले काही मोठे मासे पुढच्या वेळी खडकावर परत येतील, तेही आणायला हवेत. येत्या ऑक्टोबरात आम्ही येऊ. या वेळी तू होडीत असावीस असं फार वाटतं.

रागातही मला आपली म्हण.
इर्या


हिरवासारी
२ डिसेंबर १९७४

चि. इर्यास,
माशांचा वंश राहील, हे तू बरोबर लिहिलंस. फक्त इथे नाही.

तुझं झाड मी पाडलं. जुनी माणसं म्हणायची, ज्याचं झाड पडतं त्याला काहीतरी होतं. तू असलं मानत नाहीस. मी मानते, म्हणून दोन-तीन सकाळी नुसतीच करवत घेऊन उभी राहिले. तौनो मदतीला आला, त्याला घरी पाठवलं.

आता टेकाडावर सगळी झाडं सारखी दिसतात. तुम्ही यंत्रं आणाल, शोधाल, कदाचित सापडेलही. बाबांच्या खुणेने सापडणार नाही. मलाही सापडणार नाही. काल होडी घेऊन गेले होते. दगड सोडला, तर दोर संपला, तळ लागलाच नाही. तशीच परत आले.

त्याचं लाकूड अजून ओलं आहे, सॉनात, वाफेच्या न्हाणीघरात, नुसता धूर होतो. या धुराने डोळ्यात पाणी येतं, नव्या डोळ्यात जास्त.

आशीर्वाद एकदा दिला की परत घेता येत नाही, तो तुझ्याकडे राहू दे. बाकी काही मागू नकोस.
हेल्वी